कॅरव्हॅनचा एक दिवस आणि वाटेतली गावं: तुमचे अनुभव लिहा

ऑस्ट्रेलियात कॅरव्हॅन घेऊन आतल्या भागात जाणारी मराठी कुटुंबं आता बरीच झाली आहेत. गप्पा मात्र उलुरूच्या लाल खडकाच्या आणि समुद्राच्याच होतात. मधल्या ज्या गावांत आपण डिझेल भरतो, बेकरीतून काहीतरी गरम घेतो आणि पुढे निघतो, त्यांच्याबद्दल फारसं कुणी लिहीत नाही. म्हणून हा धागा. अख्खी सहल नको, एकच दिवस सांगा. कुठे थांबलात, कोण भेटलं?

सुरुवात मी करतो. कोबार ते ब्रोकन हिल, बॅरियर हायवे, जवळजवळ 455 किलोमीटर. सोबत बायको, मुलगी आणि भारतातून आलेली आई. कोबार सोडलं की विल्कॅनियापर्यंत 260 किलोमीटरमध्ये एमडेलचं रोडहाऊस सोडून काही नाही. लाल माती, खुरटी झाडं, मधूनच इमू. समोरून येणारा प्रत्येक जण स्टिअरिंगवरून एक बोट उचलून नमस्कार करतो. तासाभरात आईसुद्धा मागच्या सीटवरून हात करायला लागली.

विल्कॅनियात बरेच जण थांबत नाहीत. थांबा, ही माझी कळकळीची विनंती. डार्लिंग नदीवरचं हे एकेकाळचं मोठं बंदर. लोकरीचे गठ्ठे इथून वाफेच्या बोटींवर चढायचे. त्या दिवसांतल्या दगडी इमारती अजून उभ्या आहेत. आम्ही गेलो तेव्हा नदीत नुसती डबकी होती. जुन्या पुलाजवळच्या बाकावर इथल्या मूळ रहिवासी बारकिंजी समाजातल्या एक आजी बसल्या होत्या. त्यांनी आईला नदीचं त्यांच्या भाषेतलं नाव सांगितलं, बाका, आणि तिच्याकडून दोनदा म्हणून घेतलं. मग म्हणाल्या, वरच्या अंगाला सगळं पाणी कापसाला जातं. आईला इंग्रजी बेताचंच, पण 'कॉटन' कळलं. मला म्हणाली, "म्हणजे आपल्याकडच्या उसासारखंच की रे." दोघी बराच वेळ शेजारी बसून राहिल्या. मी घाई केली नाही.

ब्रोकन हिल न्यू साउथ वेल्समध्ये असलं तरी घड्याळ साउथ ऑस्ट्रेलियाचं, अर्धा तास मागे. आईचा प्रश्न, दिवा कुठल्या वेळेला लावायचा? शेवटी सूर्य टेकला तेव्हा तिने कॅरव्हॅनच्या पायरीवर सेलचा दिवा ठेवला.

*

छान धागा! तुमच्याच रस्त्याने पुढे आलात तर ऊडला विराला फळमाशीची तपासणी चौकी लागते. साउथ ऑस्ट्रेलियात बाहेरची फळं आणि फळभाज्या आणता येत नाहीत, आणि मिरच्या-टोमॅटोही त्यातच येतात. आमचा फ्रीज उघडून बाईंनी अगदी गोड बोलून किलोभर हिरव्या मिरच्या काढून घेतल्या. त्यांचं बरोबरच आहे, इथल्या बागायतदारांचं पोट त्यावर आहे. शिजवलेलं चालतं, तेव्हा आदल्या रात्रीच मिरच्या परतून ठेचा करून टाका. पुढे पीटरबरोला तीन वेगवेगळ्या रुंदीचे रेल्वेरूळ एकत्र येत. तिथलं रेल्वे संग्रहालय मुलांना नक्की दाखवा.

*

पोर्ट ऑगस्टा ते कूबर पेडी, 540 किलोमीटर, आणि गाडी मी चालवत होते. आरशात रोड ट्रेन, म्हणजे ट्रेलर जोडलेला अवाढव्य ट्रक दिसला, तीन ट्रेलरची, 50 मीटरच्या वर लांब. छातीत धडधड. गाडीतला यूएचएफ रेडिओ ट्रकवाल्यांच्या चॅनल चाळीसवर ठेवलेला होता, त्यावर त्या ट्रकवाल्याचा शांत आवाज आला: आहे तशीच चालव, मध्येच वेग कमी-जास्त करू नकोस. मी तेच केलं. ती शेजारून जाताना आधी हवा आम्हाला बाहेर ढकलते, मग आत ओढते. स्टिअरिंग घट्ट पण शांत धरायचं. पुढे गेल्यावर त्याने दोनदा इंडिकेटर लुकलुकवला. नव्याने कॅरव्हॅन ओढणाऱ्यांनो, रेडिओ आधी घ्या, बाकी सगळं नंतर.

*

क्वीन्सलँडमध्ये बारकॉल्डिनहून लाँगरीच, जेमतेम 107 किलोमीटर. वाटेत इल्फ्राकूम बघून दुपारपर्यंत पोचायचं ठरलं होतं.

बारकॉल्डिनच्या रस्त्यांना झाडांची नावं आहेत. रेल्वे स्टेशनसमोर 'ट्री ऑफ नॉलेज' होतं. 1891 मध्ये मेंढ्यांची लोकर कातरणाऱ्या कामगारांनी संप केला, तो या झाडाखाली जमून. पुढाऱ्यांना तुरुंगात टाकलं, संप मोडला, पण इथला मजूर पक्ष आपली मुळं त्याच संपात शोधतो. 2006 मध्ये कुणीतरी झाडाला विष घातलं. आता वाळलेलं खोड जपून ठेवलंय आणि वर झाडाच्या घेराच्या आकारात हजारो लाकडी ठोकळे टांगलेत. वारा आला की ते एकमेकांवर हलकेच आपटतात.

माझे वडील गिरणगावात साचे चालवायचे. 18 जानेवारी 1982 ला संपावर गेले, ते परत मिलमध्ये गेलेच नाहीत. संप मागे घेतला असं कुणी कधी सांगितलंच नाही, हे ते आजही म्हणतात. तिथूनच व्हिडिओ कॉल लावला. सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "मग ती माणसं कामावर गेली का परत?" मी फलकावरचं वाचून दाखवू लागलो. मध्येच थांबवून म्हणाले, "राहू दे. फोन जरा त्या लाकडांजवळ धर."

धरला. बराच वेळ दोघंही काही बोललो नाही. त्या दिवशी लाँगरीचला गेलोच नाही, मुक्काम बारकॉल्डिनलाच केला.