विमानाच्या उजव्या बाजूला तिरंगा कसा काढायचा?

बाळीवेसकर:
पोरासाठी पुठ्ठ्याचं बोइंग ७४७ विमान केलंय, एअर इंडियाचं १९७१ सालचं ‘सम्राट अशोक’. खिडक्यांभोवतीच्या लाल महिरपींनाच चार रात्री गेल्या. डावीकडचा तिरंगा झाला. पण अमेरिकन विमानांवर उजवीकडे झेंडा उलटा दिसतो, तारे नाकाकडे. आपलाही फिरवायचा का? ६ एप्रिल १९३० ला नगरपालिकेवर तिरंगा चढवणारं आपलं सोलापूर. इथं चूक नको.

निवृत्त मास्तर:
काठी नाकाकडे धरली की कापड शेपटीकडे उडतं, म्हणून तारे पुढे येतात. आपले पट्टे आडवे, चक्र मधोमध. दोन्ही बाजूंनी सारखाच. केशरी वर, प्रमाण ३:२, आरे २४. बास.

विमानवेडा:
ध्वजसंहितेत विमानासाठी ४५० × ३०० मिलिमीटर दिलंय, पण तो अतिमहत्त्वाच्या व्यक्तींच्या विमानावर लावायचा कापडी झेंडा. तुम्ही प्रमाणच धरा. महिरपींचा फोटो मात्र टाका! १९६९ साली पहिल्यांदा उडालेल्या ७४७ जातीच्या विमानाला इतकं देखणं कुणीच सजवलं नाही.

बाळीवेसकर:
मास्तर, भिंग घेऊन आरे मोजले. २२ भरले. चक्र खरवडलंय, आज रात्री पुन्हा काढतो.