होरा, अवर आणि ढकलपत्रांचा उच्छाद

वरवंटा:
नातेवाइकांच्या ग्रुपवर काल आलेलं ढकलपत्र: 'इंग्रजी म्हणजे मोडकीतोडकी संस्कृत. होरावरून अवर, केंद्रावरून सेंटर आणि नॉर्थ, ईस्ट, वेस्ट, साउथ मिळून न्यूज!' खाली नमस्कारांचा खच. तिथे बोललं तर काकामंडळी रुसतात, म्हणून इथे ओकतोय.

होरा आणि केंद्र हे दोन्ही शब्द ग्रीकांकडून आपल्याकडे आले, ज्योतिषाबरोबर. कुंडलीतलं जामित्रही तिकडचंच. सहाव्या शतकात वराहमिहिराने लिहून ठेवलंय की काही जण 'अहोरात्र'चं पहिलं आणि शेवटचं अक्षर उडवून होरा साधतात. म्हणजे ढकलपत्रांचा धंदा तेव्हापासून तेजीत आहे! न्यूज म्हणजे नुसत्या 'नव्या गोष्टी'. आणि हा न्यू आपल्या 'नव'चा सख्खा चुलत भाऊ. खरं नातं दारात उभं, आणि ही मंडळी चार दिशांना शोधत फिरतायत.

शेंडीला गाठ:
आलं, पुरोगामी प्रवचन आलं. शुगर शर्करेवरून, कँडी खंडावरून, ऑरेंज नारंगावरून, हे तरी मान्य आहे की तेही ग्रीकांच्या खात्यात? इंग्रज न्यायाधीश विल्यम जोन्सने १७८६ साली कलकत्त्यात संस्कृतची थोरवी गायली. गोऱ्याला कळलं, आपल्यांना लाज वाटते. माझा मुलगा इंग्रजी माध्यमात आहे, एकोणसाठ म्हटलं की सिक्स्टी नाइन लिहितो. त्यावर काढा की धागा.

वरवंटा:
शर्करा, खंड, नारंग मान्यच. फारसी-अरबीतून हिंडत हिंडत युरोपात पोचले. पण जोन्सचं पुढचं वाक्यही वाचा: संस्कृत, ग्रीक, लॅटिन एकाच मुळातून निघाल्या आणि ते मूळ कदाचित आता उरलेलं नाही. बहिणीला आई करू नका, एवढंच म्हणणं. पितृ-फादर, पाद-फूट, असा प चा फ होण्याचा नियम सापडतो तेव्हा नातं ठरतं. नुसतं सारखं दिसून काय होतंय? फारसीत 'बद' म्हणजे वाईट, इंग्रजीत 'बॅड' म्हणजे वाईट, आणि दोघांचा काडीचा संबंध नाही.

काडीमास्तर:
एक दुरुस्ती, कुणी विचारलेली नसताना. ऑरेंजचा न इंग्रजांनी गिळला असं सगळीकडे सांगतात. तो त्याआधीच फ्रेंच-इटालियनमध्ये गळाला होता. इंग्रजांनी गिळला तो ॲप्रनचा: 'अ नॅप्रन'चं 'ॲन ॲप्रन' झालं. आणि अभिमानच बाळगायचाय तर मंगूसचा बाळगा, कोशांत मूळ मराठी दिलंय. गूसशी नातं नाही, तेव्हा अनेकवचन मंगीज करू नये.

आडरानातली:
न चा विषय निघालाच आहे तर बोलते. पाचवीत धडा वाचताना 'पानी' म्हणाले म्हणून बाईंनी वर्गाबाहेर उभं केलं. मधल्या सुट्टीत पोरं मागे लागली, 'आनी-पानी-लोनी'. वर्षभर मी मोठ्याने वाचलं नाही. आता कळतं, संस्कृतात पानीय आहे, न चाच!

इंग्रजीतल्या कर्जवाल्या डेटमध्ये बी आणि आयलंडमध्ये एस विद्वानांच्या लॅटिनच्या हौसेपायी घुसले. आयलंडचं तर लॅटिनशी नातंही नव्हतं. आज तो एस विसरला तर पोरांचे मार्क जातात. शिकलेल्यांनी घोळ घातला की स्पेलिंग, माझ्या आईने म्हटलं की अशुद्ध.

निवृत्त हेडमास्तर:
ताई, बाईंचं चुकलंच. पण पानीयचं प्राकृतात पाणिअ झालं आणि तिथून पाणी. ण ही काही पुणेकरांनी काल काढलेली टूम नाही. प्रमाणभाषा नको तर पाठ्यपुस्तकं कशात छापायची?

आडरानातली:
छापा की प्रमाणात. पोरांच्या तोंडावर कशाला छापता? आणि मास्तर, संस्कृतात राग म्हणजे प्रेमसुद्धा, शिक्षा म्हणजे शिकणं. तुम्ही वर्गात कुठली शिक्षा देत होता?

निवृत्त हेडमास्तर:
दोन्ही. अर्थ बदलण्यात आमच्या छडीचा हातभार आहे, घ्या लिहून. समाधान?

शेंडीला गाठ:
विषय संस्कृतचा होता. इथे कुणीही येऊन आपलं रडगाणं लावतं.

आडरानातली:
एकोणसाठचं रडगाणं कुणाचं होतं हो?

वरवंटा:
भांडा, पण एक सांगतो. बोलीचा मान ठेवून म्हणतो, हल्ली जो तो 'माझी मदत कर' म्हणतो ना, ते डोक्यात जातं. 'मला मदत कर'. ही धडधडीत हिंदी आहे.

आडरानातली:
वा! इंग्रजीत नाइस म्हणजे आधी मूर्ख, सिली म्हणजे आधी धन्य. ते उलटंपालटं झालं की भाषेचा प्रवास, आणि 'माझी मदत'ने मराठी बुडाली?

वरवंटा:
हो, बुडाली. इथे प्रवास-बिवास ऐकणार नाही.

शेंडीला गाठ:
वरवंटाशेठ, हे मात्र लाख बोललात. बातम्या देणारेसुद्धा तेच बोलतात.

काडीमास्तर:
ग्रीकांपासून सुरू झालेलं भांडण हिंदीवर मिटलं. दोघांनी एकमेकांची मदत करा.