‘फिजिकल अ‍ॅड्रेस’ला ‘भौतिक पत्ता’ म्हणायचं का?

रंकाळाकाठ: क्लासच्या मराठी पुस्तिकेतला पेच. विंडोजमध्ये ‘आयपीकॉन्फिग स्लॅश ऑल’ ही कमांड चालवली की नेटवर्क कार्डाचा ओळखक्रमांक, म्हणजे मॅक अ‍ॅड्रेस ‘फिजिकल अ‍ॅड्रेस’ या नावाने दिसतो. त्याचं ‘भौतिक पत्ता’ केलं. वायफाय नोंदणीच्या फॉर्मवर तोच रकाना आहे आणि त्यात ‘राजारामपुरी, आठवी गल्ली’ असं भरून येतंय. दुसरा शब्द सुचवा.

उद्यमनगरी: ‘पत्ता’च काढून टाका. कारखान्यातून येतानाच नंबर असतो, इंजिनावर पंच मारल्यासारखा. ४८ बिटं, लिहिताना १२ आकडे-अक्षरं. पहिली सहा आय-ट्रिपल-ई ही मानकं ठरवणारी संस्था कंपनीला नेमून देते, उरलेली सहा कंपनी वाटते. पहिली सहा सारखी असलेल्या एका गटात १,६७,७७,२१६ कार्डं बसतात. यात पेठ कुठली, गल्ली कुठली? ‘यंत्रांक’ म्हणा.

शब्दवेल्हाळ: यंत्रांक नको. एकाच लॅपटॉपच्या वायफायचा वेगळा, केबलच्या पोर्टचा वेगळा. फॉर्मवर केबलचा लिहायचा आणि वायफाय चालत नाही म्हणून बोंब मारायची, हा घोळ त्याच शब्दाने वाढेल. शिवाय इंजिनाचा नंबर पाकिटावर कोण लिहितं? हा लिहितात. प्रत्येक फ्रेमच्या (नेटवर्कवरून जाणाऱ्या माहितीच्या पाकिटाच्या) तोंडाशी ६ बाइट घेणाऱ्याचे, पुढचे ६ पाठवणाऱ्याचे. पत्ताच झाला की.

उद्यमनगरी: आणि राउटर ओलांडला की दोन्ही खोडून नवे लिहितात! आयपी नंबर निदान मध्ये नॅट (आयपी बदलणारी सोय) आलं नाही तर शेवटपर्यंत तसाच जातो. गल्लीच्या तोंडाशी पुसला जातो तो कसला पत्ता?

गंगावेस: पत्रावर लिहितात तो पत्ता. पत्र, पत्ता. सरळ आहे.

शब्दवेल्हाळ: ‘चोराचा पत्ता लागला’, ‘दोन दिवस त्याचा पत्ता नाही’ यात पत्र कुठंय? पत्ता म्हणजे माग. एआरपी (आयपीवरून मॅक शोधायची पद्धत) तेच करतं. ‘१९२.१६८.१.१ कोणाचा?’ अशी साऱ्या नेटवर्कात दवंडी (घेणाऱ्याच्या जागी बाराही अक्षरं एफ), आणि ज्याचा तो विचारणाऱ्यापुरतं उत्तर देतो. ब्रॉडकास्टला ‘प्रक्षेपण’ हवं कशाला, दवंडी असताना?

तांबडारस्सा: दवंडी झकास, पण फॉर्म तसाच ऱ्हायला की ओ. ‘वायफायचा मॅक’ लिहा, लोक तेच म्हणतात. मात्र आमच्याकडं मॅकबुक नाही म्हणून रकाना कोरा सोडणारेही भेटतील. ‘कायमचा पत्ता’ तर अजिबात नको. अँड्रॉइड १० आणि आयफोनच्या आयओएस १४ पासून फोन सहसा वायफायगणिक बनवलेला मॅक दाखवतो, मग राउटरमधल्या नोंदणीच्या यादीशी जुळत नाही. ओळखायची खूण: पहिल्या जोडीतलं दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई. उपाय: अँड्रॉइडमध्ये त्या वायफायच्या सेटिंगमधल्या प्रायव्हसीत जाऊन ‘डिव्हाइस मॅक’ निवडायचा, आयफोनवर ‘प्रायव्हेट अ‍ॅड्रेस’ बंद करायचा, आणि मगच लिहून घ्यायचा.

शब्दवेल्हाळ: त्या बनवलेल्याला ‘तोतया पत्ता’.

उद्यमनगरी: तोतया दुसऱ्याचं सोंग घेतो. यादीतल्या कोणाचा मॅक उचलून स्वतःच्या कार्डाला लावला तर तो तोतया. हा कोणाचाच नसतो. ‘टोपणपत्ता’ म्हणा, टोपणनावासारखा.

गंगावेस: टोपण म्हणजे झाकण. झाकणाचा पत्ता?

रंकाळाकाठ: रकान्याचं काय ठरलं?

तांबडारस्सा: त्याआधी चिन्हाचं बघा. लिनक्स जोड्यांमध्ये अपूर्णविराम दाखवतं, विंडोज संयोगचिन्ह. मराठी कीबोर्डवर अपूर्णविरामाऐवजी विसर्ग पडला तर डोळ्याला सारखाच दिसतो, पण राउटर घेत नाही. देवनागरी आकडेही घेत नाही. पुस्तिकेत संयोगचिन्ह छापा. आणि त्यात ‘ओ’ हे अक्षर कधीच नसतं, दिसला तर शून्य समजायचं. ८ आणि बी मात्र स्टिकरवर जवळ धरून बघायचे.

गंगावेस: संयोगचिन्ह नव्हे, ते अपसारणचिन्ह.

शब्दवेल्हाळ: अपसारणचिन्ह लांब असतं. हे आखूड आहे.