गाडीचा तेलाचा काटा चुकीचं दाखवते? आपापले अनुभव लिहा

आमच्या जुन्या डिझेल गाडीचा काटा सध्या मनात येईल तसं दाखवून राहिला. टाकी फुल केली तरी अर्ध्यावर, अन् गड्ड्यात चाक गेलं की एकदम वर. गॅरेजवाले म्हणतात पूर्ण मीटरच बदला. खेड्यातून पंप दूर, रात्री पेशंट घेऊन निघायचं काम पडते, म्हणून काट्याचा भरवसा पाहिजे. इकडच्या लोकांनी काय बिघडलं अन् कसं सापडलं ते सविस्तर लिहा.

दिग्रसकडचा
भाऊ, गड्ड्यात काटा उडते म्हणजे आधी कनेक्शन पाहा, मीटरले हात लावू नका. टाकीत एक फ्लोट, म्हणजे तेलावर तरंगणारा डबा असते, तेलासंग त्याची दांडी वरखाली होते अन् एका रेझिस्टन्सच्या (करंट अडवणाऱ्या) पट्टीवर घासते, तेवढ्यावरच काटा हलते. आमच्या जीपच्या टाकीची अर्थिंगची वायर चेसिसवर जिथं कसली होती तिथं पावसाळाभर काळ्या मातीचा चिखल बसून पार गंजली होती. पॉलिश पेपरनं घासली, बोल्ट कसला, वरून ग्रीस लावलं. पैसा लागला नाही.

पांढरकवडा रोड
आमच्याकडे उंदीर. गाडी गोठ्याजवळ उभी राहते, बाजूला कापसाची गंजी, मागच्या सीटखाली टाकीतल्या पंपाचं झाकण उघडलं तर वायर कुरतडलेली. बाकी सगळं ठीक होतं.

मेळघाटातून
परतवाड्याहून चिखलदऱ्याला चढताना काटा खालीवर होतो तो बिघाड नाही, चिखलदरा सुमारे 1100 मीटर उंचीवर आहे, चढणीवर टाकीतलं पेट्रोल एका बाजूला जातं आणि फ्लोट तेवढंच बघतो. सपाट जागी उभी करून चावी ऑन करा, थोडं थांबा आणि मग वाचा. नवीन गाड्यांत काटा मुद्दाम हळू हलवतात, हेलकाव्यांनी नाचू नये म्हणून.

वायरमन, वाशीम जिल्हा
दोन गोष्टी माझ्याकडून. पहिली म्हणजे जुन्या काट्याच्या मीटरवाल्या गाडीत टाकीच्या युनिटचा (फ्लोट, दांडी आणि पट्टी मिळून) कनेक्टर काढा, चावी ऑन करा, काटा एका टोकाला गेला पाहिजे, मग मीटरकडून आलेली सिग्नलची वायर बॉडीला टेकवा, तो दुसऱ्या टोकाला गेला तर मीटर आणि वायरिंग दोन्ही चांगलं, दोष टाकीतल्या युनिटात, मग मीटर बदलायला कोणी सांगितलं तरी ऐकू नका. काँप्युटरवाल्या नव्या गाडीत मात्र हे करू नका, तिथं स्कॅनर लावूनच पाहावं लागतं. युनिट बाहेर काढलं की मल्टिमीटर लावून दांडी हळूहळू वर न्या, रीडिंग सलग बदललं पाहिजे, मधेच तुटलं तर पट्टी झिजली, आणि फ्लोट हलवून पाहा, आत तेल शिरलं असेल तर तो बुडून बसतो आणि टाकी भरली तरी काटा खालीच. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची, पेट्रोलची टाकी भर उन्हात किंवा बंद शेडमध्ये उघडायची नाही, टेस्ट झाली की बॅटरीचा निगेटिव्ह काढायचा आणि मगच झाकणाला हात, बिडी-सिगारेट तर जवळसुद्धा नको.

कारंजावाला
आमच्या गावात काटा कमी दिसला की थेट पंपावर भांडण. मी पंपावर पाच लिटरचं माप मागितलं, ते प्रत्येक पंपावर असतं आणि गिऱ्हाईक मागू शकतो, माप बरोबर निघालं, काटाच खोटा होता. टाकीत कंपनीच्या आकड्यापेक्षा जास्त लिटर बसले तरी लगेच चोरी समजू नका, गळ्यापर्यंत भरली तर जास्त बसतंच.

समृद्धीवरून नेहमी जाणारा
काटा दुरुस्त होईस्तोवर ट्रिप मीटरवर चालवा. नोझल आपोआप बंद होईल तिथवर भरा, ट्रिप शून्य करा, पुढच्या वेळी तसंच भरून किलोमीटर भागिले लिटर. लोड आणि एसी असेल तर ॲव्हरेज कमी धरा. आताच्या पेट्रोल गाडीत पंप बहुतेक टाकीतच असतो आणि पेट्रोलनंच थंड राहतो, सारखं रिझर्व्हवर पळवलं तर तो लवकर जातो, आणि डिझेल पूर्ण संपलं तर लाईनमधली हवा काढत बसावं लागतं, म्हणून पाव टाकी राहिली की भरूनच घ्या.