मदत हवी आहे: लेकाला शेंगदाणा चालत नाही, यजमानांना सांगायचं कसं?

पुढच्या रविवारी नवऱ्याच्या मित्राच्या आजोबांचं सहस्रचंद्रदर्शन आहे, कोथरूडला. ८१ दिव्यांनी ओवाळणार, मग जेवण. साठ-सत्तर माणसं, सोसायटीच्याच हॉलमध्ये. पत्रिकेत 'कृपया आहेर व पुष्पगुच्छ आणू नयेत' असं छापलंय, त्यामुळे तो प्रश्न मिटला. (सासूबाईंच्या मते मिटलेला नाही. रिकाम्या हातानं कसं जायचं म्हणून त्यांनी एक रुपयाचं नाणं चिकटवलेलं पाकीट कालच आणलंय.)

खरा प्रश्न मुलाचा. तो ७ वर्षांचा आहे आणि त्याला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे. आपल्या जेवणात कूट कुठे नसतं? काकडीची कोशिंबीर, भरली वांगी, अळूच्या फदफद्यात तर अख्खे दाणे.

मागच्या वर्षी एका मुंजीत मी वाढप्याला विचारलं, "दादा, कोशिंबिरीत दाण्याचं कूट आहे का?" तो म्हणाला, "नाही ताई, अगदी थोडंसंच." कोशिंबीर मी टाळली, पण त्यानं तोच डाव बटाट्याच्या भाजीत घातला, ते काही मला दिसलं नाही. थोड्याच वेळात लेकाचे ओठ सुजले. डॉक्टरांनी दिलेलं औषध पर्समध्ये होतं म्हणून निभावलं. पण पुढचा तासभर अख्खा हॉल आमच्याभोवती, बटू राहिला बाजूला. त्याची आई माझी माफी मागत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आता आधी सांगावं, तर एका पोरासाठी मेनू बदलायला लावतेय असं वाटेल. न सांगता डबा नेला, तर सासूबाई म्हणतात तो यजमानांचा अपमान. त्याला घरी ठेवावं, तर आजोबांनी 'त्याला आणाच' म्हणून निरोप धाडलाय. काय करू?

खवय्या:
आजच फोन करा. आदल्या रात्री सांगितलंत तर त्यांच्या हाती फक्त टेन्शन. मेनू बदला म्हणू नका, केटररचा नंबर मागा आणि स्वतः बोला. तळण कोणत्या तेलात आहे तेही विचारा, कूट नसलं तरी शेंगदाणा तेल असू शकतं.

माजघर:
मी यजमानीण म्हणून सांगते. आमच्या वास्तुशांतीला एका पाहुणीनं मुलाला नुसता वरणभात भरवला, बाकी कशाला हात लावू दिला नाही. आपलं जेवण फसलं, म्हणून मी आठवडाभर खंतावत होते. ॲलर्जीचं नंतर तिसऱ्याकडून कळलं. तेव्हा सांगा बाई! "त्याचा डबा आणतेय, त्याचं पान धरू नका" एवढंच म्हणा. आणि डब्यातलं ताटात वाढून त्याला पंगतीतच बसवा. मूल डब्यातून खाताना दिसलं की प्रत्येक मावशी चौकशी करणार.

चकली:
आग्रहाचं काय पण? 'एका घासानं काही होत नाही' म्हणणारी एक आत्या प्रत्येक पंगतीत असते. आम्ही लेकीकडून पाठच करून घेतलंय, "आईला विचारून घेते." पाठ फिरली की भरवणारे आहेत, शेजारीच बसा.

धागाकर्ती:
केला फोन. काकू म्हणाल्या, "अगं, कोशिंबीर घरीच करणार होतो, कुटाऐवजी खोबरं घालू." मी नको नको म्हणतेय तोवर त्यांनी सुनेला हाक मारून सांगितलंसुद्धा. अळूत मात्र दाणे राहणार, आजोबांना त्याशिवाय चालत नाही. त्याचं भांडं आणि डाव वेगळा ठेवायचं केटररनं कबूल केलंय. डबा नेतेच आहे, लेकाच्या शेजारी मी बसेन.

आता फक्त त्या पाकिटाचं काय करू सांगा. सासूबाईंनी आत ५०० घालून वर आमची नावंही लिहून टाकलीत.