सल्ला हवा: शाकाहारी घरातल्या मांजरीला काय खाऊ घालावं? (सोलापूर)

बाळीवेसची_सून

नमस्कार मंडळी. थोडं लांबलंय, पण पूर्ण वाचून सल्ला द्या ही विनंती.

जानेवारीत गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) वेळी, नेमकं अक्षता सोहळ्याच्या दिवशी, होम मैदानाजवळ मांजरीचं पिल्लू सापडलं. मुठीएवढं होतं. संध्याकाळपर्यंत आईची वाट पाहिली, ती आली नाही, म्हणून घरी आणलं. नाव अक्षताच ठेवलं. आता सहा-सात महिन्यांची असेल. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो, ती घरातच असते.

अडचण अशी की आमचं लिंगायत घर. मांस सोडा, अंडंसुद्धा आजवर आत आलेलं नाही. सासूबाईंचा तिच्यावर फार जीव आहे, दिवसभर तिच्याशी कन्नडमध्ये बोलत असतात. दूध-भाकरी, दूध-चपाती, कधी दहीभात असं त्या तिला स्वतः भरवतात. खातेही ती. पण दीड-दोन महिन्यांपासून अंगावरचे केस राठ झालेत, पोट गोल दिसतं आणि पाठीचा कणा हाताला लागतो. शी बहुतेक वेळा पातळ.

मागच्या आठवड्यात दुकानात गेले. पाच-सहा कंपन्यांच्या पिशव्या होत्या, प्रत्येकीवर काहीतरी वेगळं लिहिलेलं. दुकानदारानं पोत्यातून अर्धा किलो सुटं बांधून दिलं, "हेच सगळे नेतात" म्हणाला. ते घातल्यापासून ती नुसती वास घेऊन बाजूला होते.

कोणतं घ्यावं? महिन्याला हजार-बाराशेपर्यंत जमेल. आणि दूध-भाकरीवर मांजर खरंच वाढत नाही का?

जुळे_सोलापूरकर

ताई, आधी ते सुटं बंद करा. कंपनीवर माझा राग नाही, पोत्यावर आहे. दाणेदार फूडवर वरून चरबीचा थर दिलेला असतो, त्याच्या वासावरच मांजर खातं. पोतं एकदा उघडलं की ती चरबी हवेनं आणि उष्णतेनं खवट होत जाते. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या दुकानात काय तापमान असतं ते तुम्हाला माहीतच आहे. ते पोतं कधी उघडलं, त्याची मुदत किती, लहान पिल्लाचं की मोठ्या मांजराचं, यातलं काहीच तुम्हाला कळत नाही. अक्षता वास घेऊन बाजूला होते, म्हणजे तिचं नाक बरोबर सांगतंय बघा.

बंद पिशवी घ्या, एक-सव्वा किलोची. आमच्याकडे दोन मांजरं आहेत. एकीला व्हिस्कास, दुसरीला आधी मी-ओ आणि आता रॉयल कॅनिन. तिन्हींत लहान पिल्लांचं वेगळं मिळतं, तुम्हाला तेच लागेल. वर्षाची होईपर्यंत पिल्लांचंच द्यायचं.

कुमठानाका_७७

मला थोडं वेगळं वाटतं. बार्शीजवळ आमच्या आजीच्या वाड्यात कायम चार-पाच मांजरं असायची. दूध-भाकरीशिवाय त्यांना कुणी काही घातलं नाही. चांगली धडधाकट होती, बारा-तेरा वर्षं जगलेलीही आठवतात. पिशवीतलं खाणं आता आलं. त्याआधी मांजरं काय उपाशी होती का?

तीन_मांजरांची_आई

दादा, उपाशी नव्हती, पण दूध-भाकरीवरही नव्हती. तुमच्या आजीच्या वाड्यात ज्वारीची कणगी असेल ना? कणगीपाशी उंदीर, भिंतीवर पाली, परसात चिमण्या, सरडे, टोळ. मांजर रात्रभर बाहेर पोटभर जेवायचं आणि सकाळी आजीसमोर येऊन दूध प्यायचं. आजीला दिसायची ती दुधाची वाटी. खरं जेवण अंधारात झालेलं असायचं. आजीनं काही चुकीचं केलं असं मी म्हणत नाही. मांजरांनी आपलं आपण पूर्ण करून घेतलं, एवढंच.

अक्षता तिसऱ्या मजल्यावर बंद दाराच्या आत आहे. तिला उंदीर कुठून मिळणार? तिच्या पोटात जे जाईल ते सगळं तुमच्या हातून जाणार आहे. म्हणून तुमच्यावर जबाबदारी जास्त.

कुमठानाका_७७

हे पटलं. कणगी होतीच, आणि उंदीरही भरपूर होते. मी त्या बाजूनं कधी विचारच केला नव्हता.

बाळीवेसची_सून

वाचताना पोटात कालवलं. आम्ही प्रेमानं भरवत होतो आणि ती अर्धपोटी होती म्हणायची.

एक प्रश्न राहतो. पूर्ण शाकाहारी कॅट फूड मिळत असेल तर ते चालेल का? पनीर, सोयाबीन, डाळीचं पाणी देऊन भागवता येईल का? सासूबाईंना काय सांगू तेच कळत नाही.

पशुवैद्य_विजापूर_रोड

मी पशुवैद्य आहे. अक्षताला न बघता औषध सांगणार नाही, पण आहाराबद्दल सविस्तर लिहितो, कारण हा प्रश्न मला आठवड्यातून दोनदा तरी येतो आणि विचारणारी माणसं नेहमी चांगली असतात.

कुत्रं माणसासोबत राहून बरंचसं मिश्राहारी झालं, मांजर झालं नाही. तिच्या शरीराला काही गोष्टी तयारच मिळाव्या लागतात. पहिली टॉरीन, म्हणजे मांसात असणारं एक अमिनो आम्ल. आपण ती शरीरात बनवतो, मांजर पुरेशी बनवू शकत नाही आणि वनस्पतींत ती जवळजवळ नसते. टॉरीन कमी पडली की डोळ्याचा पडदा झिजतो आणि हृदयाचा स्नायू पातळ होऊन हृदय फुगतं. १९८७ साली कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी हा हृदयाचा संबंध दाखवून दिला. त्या काळी चांगल्या कंपन्यांचं फूड खाणारी मांजरंही याच कारणानं दगावत होती. त्यानंतर कंपन्यांनी टॉरीनचं प्रमाण वाढवलं आणि तो आजार एकदम कमी झाला. दुसरी गोष्ट अ जीवनसत्त्व. गाजरातून आपण ते बनवतो, मांजर बनवू शकत नाही. तिसरी अॅराकिडॉनिक आम्ल, ते प्राणिज चरबीतून येतं. शिवाय प्रथिनं जाळून ताकद मिळवण्याची तिच्या यकृताची सवय तिला थांबवता येत नाही. खाण्यात प्रथिनं कमी असली तर ती स्वतःचे स्नायू जाळते. कणा हाताला लागतो, त्यामागे हेही असू शकतं.

म्हणून पनीर, सोया, डाळ यांवर भागणार नाही. शाकाहारी कॅट फूड म्हणून जे विकलं जातं त्यात वरून टॉरीन वगैरे घालतात, पण वाढत्या पिल्लावर तो प्रयोग मी माझ्या घरी करणार नाही आणि तुम्हालाही सांगणार नाही.

दुधाचं म्हणाल तर, पिल्लू आईचं दूध सोडतं तसं त्याला दुधातली साखर पचवणं अवघड होत जातं. पातळ शीचं ते एक कारण असू शकतं. दुसरं कारण जंत. गोल पोट, राठ केस आणि वाळलेलं अंग बघितलं की मी आधी शी तपासून जंताचं औषध देतो. खाणं बदलण्याआधी तेवढं एकदा करून घ्या, नाहीतर चांगलं फूडही जंतांच्याच कामी येईल.

आता पिशवी कशी वाचायची ते. पुढच्या बाजूचे फोटो सोडा, पिशवी उलटी करा. मागे "कम्प्लीट अँड बॅलन्स्ड" असं लिहिलंय का आणि ते कोणत्या वयासाठी, हे आधी बघा. "कॉम्प्लिमेंटरी" लिहिलं असेल तर ते वरचं खाऊ आहे, जेवण नव्हे. बरीच पाऊच (ओल्या फूडची छोटी पाकिटं) आणि चाटायच्या नळ्या या दुसऱ्या गटातल्या असतात. मग घटकांची यादी. ती वजनाच्या उतरत्या क्रमानं असते. पहिल्या दोन-तीनांत कोंबडी, मासे किंवा त्यांची पावडर असावी, आणि टॉरीनचं नाव कुठेतरी दिसावं. प्राण्यांच्या खाण्याचे निकष ठरवणाऱ्या अमेरिकेतल्या आफ्को संस्थेच्या मानकानुसार ओलावा वगळून वाढत्या पिल्लाच्या फूडमध्ये किमान ३० टक्के आणि मोठ्या मांजराच्या फूडमध्ये किमान २६ टक्के प्रथिनं हवीत. हे किमान आहे, त्याहून थोडं वर असलेलं घ्या.

"ओलावा वगळून" यावर लोक हमखास फसतात. कोरड्या फूडवर प्रथिनं ३२ टक्के लिहिलेली असतात आणि पाऊचवर १०. वाटतं, पाऊच म्हणजे नुसतं पाणी. पण कोरड्यात ओलावा १० टक्के, म्हणजे ९० भागांत ३२, साधारण ३५ टक्के. पाऊचमध्ये ओलावा ८२ टक्के असेल तर उरलेल्या १८ भागांत १०, म्हणजे ५५ टक्क्यांच्या वर. पाऊच कमी पडत नाही, उलट सरसच ठरतो.

"ग्रेन फ्री" या शब्दासाठी जास्त पैसे मोजू नका. धान्य काढून बटाटा किंवा वाटाणा घातलेला असतो, पिठूळपणा तेवढाच राहतो. लाल-हिरवे दाणे हे आपल्या डोळ्यांसाठी असतात. गोड चव तर मांजराला कळतच नाही, तिच्या जिभेवर गोड ओळखायची सोयच नाही.

विडी_घरकुल

डॉक्टरांनी सगळं सांगितलंय, मी पाण्याचं सांगते. आमच्याकडे बोका होता, शेरू. तो नुसत्या कोरड्या दाण्यांवर होता आणि पाणी नावालाच प्यायचा. मागच्या मे महिन्यात दोन दिवस तो शी-शूसाठी ठेवलेल्या मातीच्या ट्रेमध्ये जाऊन बसायचा, जोर करायचा, ओरडायचा. आम्हाला वाटलं बद्धकोष्ठ झालंय, एरंडेल द्यावं का असं बोलणं चाललं होतं. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे नेला, तेव्हा कळलं की लघवीची वाट खड्यांनी बंद झाली होती. नळी घालून मोकळी केली. शेरू वाचला, पण आणखी काही तास उशीर झाला असता तर वाचला नसता, असं डॉक्टर म्हणाले. बोका ट्रेमध्ये जोर करतोय आणि लघवी होत नाही असं दिसलं तर सकाळची वाट बघू नका, त्याच रात्री न्या.

आता एक वेळ पाऊच, एक वेळ कोरडं देते, आणि पाऊचमध्ये दोन चमचे कोमट पाणी घालते. पाण्याची भांडी तीन, तीन जागी, खाण्यापासून लांब. रुंद तोंडाची मातीची घेतलीत. आपल्याकडे पाणी साठवून वापरावं लागतं म्हणून भांड्यातलं रोज सकाळ-संध्याकाळ बदलते.

पशुवैद्य_विजापूर_रोड

विडी घरकुलच्या ताईंनी लिहिलेलं प्रत्येकानं वाचावं. मादीमध्ये वाट अशी पूर्ण बंद होणं दुर्मिळ, पण पाणी तिलाही तेवढंच लागतं. चार किलोच्या मांजराला दिवसाला खाण्यातलं धरून सुमारे २०० मिलिलिटर पाणी हवं. ८५ ग्रॅमच्या एका पाऊचमधून त्यातलं ६५-७० मिलिलिटर जातं.

पूर्वभाग_पद्मा

मध्येच विचारते. आम्ही मांसाहारी आहोत, आमच्या मांजरीला रोज उकडलेलं चिकन देते. कधी आमच्यातलाच रस्सा भाकरीत कालवून. हे पिशवीपेक्षा चांगलं ना?

पशुवैद्य_विजापूर_रोड

उकडलेलं चिकन चांगलं, पण एकटं पुरत नाही. मांसात कॅल्शियम फार कमी असतं. नुसत्या मांसावर वाढलेल्या पिल्लांची हाडं ठिसूळ होतात, सोफ्यावरून उडी मारून पाय मोडलेली पिल्लं मी बघितली आहेत. म्हणून जेवणाचा मोठा भाग पूर्ण आहाराचं फूड आणि चिकन वरून थोडं. उकडताना टॉरीन पाण्यात उतरते, ते पाणी फेकू नका, त्यातच कालवा. कोंबडीचं दिल मिळालं तर त्यात टॉरीन भरपूर असते. कलेजी मात्र आठवड्यातून एखादा तुकडा, जास्त झाली तर अ जीवनसत्त्वाचा त्रास होतो. शिजवलेलं हाड कधीच नाही. उजनीची चिलापी आणलीत तर उकडून काटे काढा, कच्चा मासा नको.

रस्सा आजपासून बंद. कांदा आणि लसूण मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात, शिजवल्यानंही ते जात नाही. आपल्या शेंगा चटणीतही लसूण असतो. बोटाला लागलेली चटणीसुद्धा चाटू देऊ नका.

पूर्वभाग_पद्मा

अरे देवा. हे माहीतच नव्हतं. बंद केलं.

जुळे_सोलापूरकर

सूनबाई, तुमच्या बजेटचं गणित करतो. डॉक्टर, चुकलं तर सांगा. अक्षताचं वजन सव्वादोन-अडीच किलो धरू. रोज ४० ग्रॅम कोरडं म्हटलं तर १.२ किलोची पिशवी बरोबर महिनाभर पुरते. त्यावर एक दिवसाआड पाऊच. नवं फूड एकदम देऊ नका, जुन्यात चिमूटभर मिसळत आठ-दहा दिवसांत पूर्ण बदला. आणि पाऊच उघडून तासाभराच्या वर बाहेर ठेवू नका, मेमध्ये त्याहूनही कमी.

पशुवैद्य_विजापूर_रोड

गणित सुरुवातीला ठीक. पुढं दर पंधरा दिवसांनी वजन करा आणि त्याप्रमाणे बदला. नसबंदीनंतर भूक वाढते आणि गरज कमी होते, तेव्हा माप पुन्हा काढावं लागेल. खाणं बदलताना दोन दिवस तिनं तोंडच लावलं नाही तर वाट बघू नका, मांजराचं यकृत उपवासानं बिघडतं. पिशवी उघडली की त्या दिवशीची तारीख तिच्यावर लिहा. दाणे डब्यात ओतू नका, पिशवीसकट डब्यात ठेवा आणि महिना-सव्वा महिन्यात संपवा.

तीन_मांजरांची_आई

सासूबाईंबद्दल एक सांगू का? त्यांना "तुमचं चुकलं" असं कुणी सांगू नये. घरात काही शिजवायचं नाहीये, पिशवी गॅलरीत राहील, तिचा चमचा आणि ताटली वेगळी राहील. मांजराला देवानं दात कसले दिलेत ते त्यांना दाखवा. आमच्या शेजारच्या आजीही माळकरी आहेत. "तिचा आहार तिचा, आपला आपला" एवढं म्हणून त्यांनी विषय संपवला.

बाळीवेसची_सून

पाच आठवड्यांनी लिहितेय, उशिराबद्दल माफ करा.

शी तपासली, जंत निघाले. औषधाचे दोन डोस झाले. पिल्लांचं कोरडं फूड बंद पिशवीतलं आणलं, दहा दिवसांत हळूहळू बदललं. पहिले तीन दिवस तिनं दाणे बाजूला सारून भाकरीच शोधली, मग सवय झाली. एक दिवसाआड पाऊच. दूध पूर्ण बंद. वजन २.३ वरून २.७ किलो झालंय, शी बांधून होते, आणि पाठीवरून हात फिरवला की कणा आता बोचत नाही. केस अजून पूर्ण मऊ नाहीत, पण मानेजवळ नवे चकाकणारे आलेत.

सासूबाईंना मी दात दाखवले. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, दूध माझ्या हातचं प्यायची ती, आता मी काय देऊ? मी म्हटलं, पाणी तुम्ही द्या, ते सगळ्यात महत्त्वाचं आहे. आता माठातलं पाणी त्याच तीन ठिकाणी भरतात, सकाळ-संध्याकाळ, न चुकता. पाऊचला अजून हात लावत नाहीत आणि मीही म्हणत नाही. पण काल दुसरी पिशवी उघडली, तारीख लिहायला पेन शोधत होते, तर त्यांनी माझ्या हातातून पिशवी घेतली आणि कन्नडमध्ये तारीख घातली. खाली अक्षताचं नाव.