मदत हवी आहे: बी.एस्सी. फिजिक्स आणि तबला, दोन्ही एकत्र जमेल का?

नमस्कार दादा, ताई. आम्ही दारव्हा तालुक्यातले, कोरडवाहू कापूस-तुरीची शेती. मुलगी यंदा बारावी सायन्स झाली. लहानपणापासून गावच्या भजनी मंडळात खंजिरी वाजवते, तबल्याची प्रवेशिका पूर्ण परीक्षाही झाली आहे. तिला फिजिक्स आणि तबला, दोन्ही घ्यायचं आहे.

आधी मी नाहीच म्हटलं. मग तिनं मला तबल्याची शाई, म्हणजे मधला काळा गोल, दाखवली. साध्या चामड्यावर थाप मारली की निघणारे स्वर एकमेकांशी जुळत नाहीत, पण मधल्या शाईच्या वजनानं ते मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट कंपनांचे येतात, म्हणून तबला सुरात बोलतो. सी. व्ही. रामन यांनी यावर 1920 साली लिहिलं होतं, हेही तिनंच सांगितलं. तेव्हापासून मला तिचा हट्ट हट्ट वाटत नाही.

यूजीसीनं (विद्यापीठ अनुदान आयोगानं) 2022 पासून दोन पदव्या एकाच वेळी करायला परवानगी दिली आहे, पण वर्गांच्या वेळा एकमेकांवर यायला नकोत. नवीन शैक्षणिक धोरणात मेजर (मुख्य विषय) फिजिक्स आणि मायनर (दुय्यम विषय) संगीत असंही जमू शकतं म्हणतात. इथल्या एका कॉलेजात विचारलं तर "असं कोणी करत नाही" एवढंच उत्तर मिळालं. फार वाईट वाटलं.

अमरावती किंवा नागपूरला कोणाच्या मुलांनी असं केलं आहे का? दुपारची प्रॅक्टिकल्स सांभाळून रियाझ होतो का? आणि मुलींच्या वसतिगृहात तबला वाजवू देतात का?